मुद्दाम पाडलेलं भोक

कन्हान आमच्या मौद्यावरून पुढे जाते आणि अंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते. या वाटेवर पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात पैलतीर गाठायचा तो मासेमार ढिवरांच्या डोंग्यातून. डोंगा गळू लागला की ढिवर तो काठावर ओढून आत पाणी ओतत आणि बाहेरून ओल कुठे फुटते ते बघत. सापडलेल्या फटीत कापूस ठासायचा, वरून राळ नाहीतर डांबर. उन्हाने सांधे उघडू नयेत म्हणून न लागणारा डोंगा पाण्यात बुडवून ठेवत.

इंजिन नावेच्या पोटात गेलं आणि गळतीचा प्रश्नच बदलला. नाव ढकलणारा पंखा बाहेर पाण्यात, इंजिन आत. मधला शाफ्ट न्यायला तळाला मुद्दाम भोक पाडावं लागतं. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथने 1836 साली अशा पंख्याचं पेटंट घेतलं. 1843 मध्ये ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज तसाच पंखा लावून पाण्यात उतरलं. पण शाफ्ट पेलणारी धातूची बेअरिंगं भराभर झिजत. त्यावर 1854 साली जॉन पेनने वेस्ट इंडीजकडच्या लिग्नम व्हिटी लाकडाच्या पट्ट्या बेअरिंगमध्ये बसवल्या. या लाकडात राळ अंगचीच असते आणि त्याला वंगण म्हणून पाणीच पुरतं. जे पाणी अडवायचं, त्यालाच पेनने कामाला लावलं.

माझा धंदा शेतीच्या पंपांचा. इंजिनाची बोट पहिल्यांदा हाताखाली आली तेव्हा तिचा ग्लँड, म्हणजे शाफ्टाच्या भोकाशी डोरी भरून पाणी अडवणारी डबी, बघून मला धीर आला, कारण आमच्या पंपातही शाफ्टाभोवती हीच डोरी असते. गळती शोधताना आधी बोटीचा तळ पार कोरडा पुसतो. बोट नुसती उभी असताना पाणी आलं तर ग्लँड, सुकाणूचा दांडा, तळाचे सांधे तपासतो. इंजिन चालू केल्यावरच आलं तर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचे पाईप आणि क्लिपा.

ग्लँड गळत असेल तर जुनी डोरी आकड्याने पूर्ण उपसावी. नव्या डोरीची कडी तिरपी कापून ग्रीस लावावं आणि एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ देऊ नये. नट दोन्हीकडून सारखे, थोडे थोडे आवळावेत. बोट चालताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत. त्यांनीच शाफ्ट थंड राहतो. एक थेंबही नको म्हणून पाना दाबला की डोरी जळते, शाफ्टावर चरे पडतात आणि मग धार लागते.

अंभोऱ्याला 2024 मध्ये पूल झाला. नदी ओलांडायला आता नाव लागत नाही. नाव उरली ती फिरायला येणाऱ्यांसाठी. त्या बोटींवर ढिवरांच्या पोरांना नुसतं सुकाणू आणि तिकिटं देऊन भागणार नाही. पाना आणि डोरीही त्यांच्याच हाती द्या. गळती ओळखायची नजर त्यांच्या घरात इंजिनाच्या आधीपासून आहे, आणि पाण्यावर बसलेल्या माणसांचा जीव त्याच नजरेवर असतो.