इंजिनाचें गणित आणि ताळा

मोटारीच्या इंजिनांत पेट्रोल एकटें जळत नाहीं. त्यास हवेची जोड लागते. वजनानें पाहतां एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ भाग हवा हवी. जर्मनींत विल्हेल्म मायबाख यांनीं १८९३ च्या सुमारास पेट्रोलचा तुषार उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला, आणि पुढें हें प्रमाण जमविण्याचें काम कारागिराच्या कानाकडे आलें. मिश्रणाचा स्क्रू हलकेंच फिरवावा, इंजिन अडखळूं लागलें कीं थोडा मागें घ्यावा, आवाज एकसारखा लागला म्हणजे हात काढावा. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याचेंच हें कसब. उस्तादाजवळ वर्षानुवर्षें उभें राहूनच तें साधे.

परंतु या कानास एक खोड होती. किंचित् अधिक पेट्रोल पाजलेलें इंजिन गोड चालतें, जोरही जास्त दाखवितें. न जळलेला अंश धुराच्या नळींतून निघून जातो. त्याचा सूर कोणास ऐकूं येणार?

तो लॉस एंजेलिसच्या रहिवाशांच्या डोळ्यांस झोंबला. १९४३ च्या उन्हाळ्यांत तें शहर अशा धुरकट धुक्यानें भरलें कीं, युद्धाचे दिवस असल्यानें, शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय अशी शंका लोकांस आली. अननसाच्या स्वादाचें पृथक्करण करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे पुढें या हवेकडे वळले. मोटारींतून व तेलशुद्धीच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या वाफा आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर ऊन पडून हें धुकें बनतें, असें त्यांनीं १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिलें. तेलवाल्यांस तें अर्थातच रुचलें नाहीं.

कॅलिफोर्नियानें धुरावर निर्बंध घातले, आणि १९६७ मध्यें फोक्सवॅगन १६०० या गाडींत बॉश कंपनीची विद्युत्-यंत्रणा आली. आंत येणाऱ्या हवेचा दाब, इंजिनाचे फेरे व उष्णता पाहून पेट्रोलची तोटी किती वेळ उघडावयाची, तें ती ठरवी. गणित चोख, पण ताळा पाहण्याची सोय नाहीं. हुशार परंतु उतावळ्या विद्यार्थ्यासारखीच तिची गत!

ताळा आला तो १९७६ मध्यें, व्होल्वोच्या गाड्यांत. धुराच्या नळींत झिर्कोनियाचा बोटाएवढा शोधक बसविला गेला. धुरांत प्राणवायु कमी उरला कीं त्याचा विद्युद्दाब चढे, जास्त उरला कीं उतरे. त्याबरहुकूम पेट्रोलचा पुरवठा क्षणोक्षणीं सुधारला जाई. प्लॅटिनम-ऱ्होडियमचा लेप दिलेलें शुद्धिपात्र तीन विषारी द्रव्यें एकदम निवारूं शकतें, पण प्रमाण १४.७ च्या अगदीं जवळ राहिलें तरच. हें या शोधकामुळें शक्य झालें.

आज इंजिन लावावयास शिकणारा तरुण संगणकाच्या कोष्टकांतील एका घराचा आंकडा बदलतो, धुराचें प्रमाण पाहतो, पुन्हां बदलतो. कान मात्र तो टवकारलेलाच ठेवतो. आंत ठोका पडूं लागला तर पिस्टन फुटावयास वेळ लागत नाहीं.