राब, माती आणि सूक्ष्मजीव : कोंडाणे-कर्जत परिसरातील भातशेतीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी आणि उल्हास नदीच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला कोंडाणे हे गाव वसलेले आहे. येथील बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतील मानली जातात. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेली असल्याने भारतीय वास्तुकलेच्या अभ्यासात या लेण्यांना महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील शिल्पाजवळ एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. कण्ह (कृष्ण) याचा शिष्य बलक याने हे काम केले, अशी नोंद त्यात आढळते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव अशा रीतीने इतिहासाला ज्ञात झाले.

मात्र याच खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या विद्येचा कोणताही लेख मागे ठेवलेला नाही. त्याची विद्या त्याच्या कृतीत होती. ती लिखित स्वरूपात आली ती बहुधा इतरांच्या लेखणीतून, आणि अनेकदा तक्रार किंवा आरोप म्हणूनच. प्रस्तुत निबंधात अशाच एका कृतीचा, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजण्याच्या 'राब' पद्धतीचा, ऐतिहासिक आढावा घेतला आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, कृषी आणि पर्यावरण या तीन ज्ञानशाखांचा संबंध कोकणच्या या अंतर्भागात सव्वाशेहून अधिक वर्षे कसा घडत आला, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

राब पद्धतीचे स्वरूप

कर्जत-खालापूर परिसर सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी असल्याने येथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सखल खाचरांत भात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी व वरी, अशी येथील पिकांची पारंपरिक विभागणी आहे. भाताचे रोप प्रथम लहानशा वाफ्यात वाढविले जाते व नंतर चिखलणी केलेल्या खाचरात त्याची लावणी होते. पावसाचा काळ ठरलेला असल्याने रोप लवकर, जोमदार आणि तणविरहित उगवणे हे संपूर्ण हंगामाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

या गरजेतून राबाची पद्धत रूढ झाली. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण किंवा गोवऱ्यांचा थर, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळ म्हणजे कवळ, त्यावर गवत व पालापाचोळा असे थर रचले जातात. वर बारीक मातीचा पातळ थर पसरतात. त्यामुळे आग भडकत नाही आणि राब सावकाश धुमसत राहतो. भाजलेल्या जागेवर पावसाच्या सुरुवातीला भात पेरले जाते. कवळासाठी ऐनासारख्या वृक्षांच्या फांद्या छाटल्या जात. भातजमिनीला जोडून असलेल्या वरकस जमिनीचा एक प्रमुख उपयोग राबाचे साहित्य पुरविणे हाच होता. म्हणजेच डोंगरावरील झाड, गोठ्यातील जनावर आणि खाचरातील भात ही एकाच व्यवस्थेची तीन अंगे होती.

वनखाते आणि शेतकरी : एकोणिसाव्या शतकातील संघर्ष

एकोणिसाव्या शतकात कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा भाग होता. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये राब पद्धतीचे वर्णन आले आहे. १८९१ मध्ये कर्जत तालुका कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाला, आणि १९८१ मध्ये या जिल्ह्याचे नामांतर रायगड असे करण्यात आले.

१८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारी जंगलांवरील नियंत्रण कडक झाले. इमारती लाकूड आणि रेल्वेची गरज यांच्या दृष्टीने पाहणाऱ्या वनखात्याला फांद्या छाटणारा शेतकरी हा जंगलाचा नाश करणारा वाटत होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र कवळ बंद होणे म्हणजे रोप बंद होणे होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वनविषयक आयोग नेमावा लागला. या आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला आणि राबासाठी टहाळ तोडण्याचा प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी होता.

या वादात एक मूलभूत प्रश्न दडलेला होता. राब खरोखर आवश्यक आहे, की ती केवळ एक जुनी सवय आहे? शेणखत घालून तेच काम होत असेल, तर जंगल का तोडावे? प्रश्न प्रशासनाचा दिसत असला तरी त्याचे उत्तर मातीत होते, आणि मातीच्या अंतरंगाचे शास्त्र त्या वेळी नुकतेच जन्म घेत होते. हेलरीगेल व विल्फार्थ यांनी द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात हे १८८६ मध्ये दाखविले. बायरिंक यांनी १८८८ मध्ये त्या गाठींतील जिवाणू वेगळे केले. याच सुमारास इंग्लंडमधील कृषिरसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस फोल्कर यांना भारतीय शेतीच्या पाहणीसाठी पाठविण्यात आले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात राबाचीही चर्चा आहे. भारतीय शेतकरी अडाणी आहे हा समज फोल्कर यांनी नाकारला. त्याच्या अडचणी ज्ञानाच्या अभावापेक्षा साधनांच्या अभावातून निर्माण होतात, असा त्यांच्या अहवालाचा सूर आहे.

१९१२ चा अभ्यास आणि मातीतील बदल

राबाची पद्धतशीर शास्त्रीय तपासणी विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातील राब पद्धतीवर केलेला अभ्यास १९१२ मध्ये भारतीय कृषी खात्याच्या शोधनिबंधमालेत प्रसिद्ध झाला. मान पुढे मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले. दख्खनमधील खेड्यांच्या आर्थिक पाहणीसाठीही त्यांचे नाव ओळखले जाते, आणि त्या पाहणीच्या १९२१ मधील दुसऱ्या खंडाचे कानिटकर हे सहलेखक होते.

या अभ्यासाचे महत्त्व प्रश्नाच्या मांडणीत आहे. राबाचा लाभ केवळ राखेतून मिळणाऱ्या खतामुळे होतो किंवा केवळ तण जळल्यामुळे होतो, असे मानण्याऐवजी उष्णतेमुळे खुद्द मातीत कोणते बदल होतात, याकडे संशोधकांनी लक्ष वळविले. हा विचार त्या काळातील जागतिक संशोधनाशी सुसंगत होता. १९०९ मध्ये इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी मातीच्या आंशिक निर्जंतुकीकरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. माती तापविल्यानंतर काही काळाने तिच्यातील जिवाणूंची संख्या आणि अमोनियाचे प्रमाण पूर्वीपेक्षा वाढते, असे त्यांना आढळले. जिवाणूंना खाणारे आदिजीव उष्णतेने नष्ट होतात, हे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण पुढे त्या स्वरूपात टिकले नाही. परंतु माती ही सजीवांची वस्ती आहे, आणि त्या वस्तीतील समतोल बदलला की पिकाचे पोषण बदलते, हा विचार मात्र टिकला.

आजच्या ज्ञानाच्या आधारे राबाची क्रिया पुढीलप्रमाणे सांगता येते. मंद आचेमुळे मातीच्या वरच्या थरातील तणांचे बी, सूत्रकृमी आणि रोगकारक बुरशी मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. बीजाणू तयार करणारे बॅसिलससारखे जिवाणू उष्णतेत तग धरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वेगाने वाढतात. मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या पेशी व सेंद्रिय द्रव्य यांच्या विघटनातून अमोनियम स्वरूपातील नत्र उपलब्ध होते. नत्रीकरण करणारे जिवाणू सावकाश पुनर्स्थापित होत असल्याने हे नत्र काही काळ त्याच स्वरूपात राहते. कोकणातील मुसळधार पावसात नायट्रेट सहज वाहून जाते, तर अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते आणि भाताचे रोप ते चांगल्या प्रकारे शोषून घेते. राखेतील पालाश, स्फुरद व चुना यांमुळे आम्लधर्मी मातीलाही लाभ होतो. शेतकऱ्याला यांपैकी कोणतीही संज्ञा माहीत नव्हती. भाजलेल्या जागेचे रोप वेगळे होते, एवढे मात्र त्याने अचूक पाहिले होते.

जाळणे की कुजविणे?

राबाची उपयुक्तता मान्य केल्याने प्रश्न संपत नाही. मर्यादित जागेच्या रोपासाठी बऱ्याच मोठ्या क्षेत्रातील पाला व शेण जाळावे लागते. त्यात सेंद्रिय कर्ब आणि साहित्यातील बहुतांश नत्र हवेत निघून जाते. लोकसंख्या वाढली, जंगल घटले आणि जनावरांची संख्या कमी झाली, की ही पद्धत आपोआपच महाग होत जाते.

याला पर्याय म्हणून सूक्ष्मजीवांकरवी कुजविण्याचा विचार पुढे आला. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथे विकसित केलेली कंपोस्ट पद्धत १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पाला व शेण हेच साहित्य, परंतु आगीऐवजी जिवाणू व बुरशी यांच्या स्वाधीन करावयाचे, हे या पद्धतीचे सार होय. १९३९ मध्ये पी. के. दे यांनी बंगालमधील भातखाचरांच्या अभ्यासातून निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते हे दाखवून दिले. खताविना वर्षानुवर्षे भात कसे पिकते, या जुन्या कोड्याचा मोठा भाग त्यामुळे उलगडला. पुढे निळे-हिरवे शेवाळ, ॲझोला, ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू यांची जैविक खते प्रचारात आली. २००६ मध्ये केंद्र शासनाने जैविक खतांचा समावेश खत नियंत्रण आदेशात करून त्यांच्या गुणवत्तेची मानके निश्चित केली.

माती भाजण्याच्या कल्पनेलाही नवे रूप मिळाले. इस्रायलमधील काटान व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ओलसर माती प्लॅस्टिकखाली झाकून केवळ सूर्याच्या उष्णतेने रोगकारक बुरशी कमी करता येते हे दाखविले. झाड न तोडता राबाच्या एका अंगाचा लाभ मिळविण्याचा हा मार्ग म्हणता येईल. अर्थात राखेचा लाभ त्यातून मिळत नाही, आणि प्लॅस्टिकचा खर्च व कचरा हे प्रश्न शिल्लक राहतात.

कर्जतचे योगदान

भातसंशोधनाच्या क्षेत्रात कर्जतचे नाव येथील संशोधन केंद्रामुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाचे हे प्रादेशिक केंद्र होय. 'कर्जत' हे नाव धारण करणारे अनेक भातवाण येथून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले, तर 'सह्याद्री' हा संकरित वाण १९९८ मध्ये प्रसारित झाला. मात्र सुधारित वाणाची क्षमता प्रत्यक्षात येण्यासाठी मातीचे आरोग्य तितकेच महत्त्वाचे असते.

या संदर्भात कर्जत तालुक्यातीलच नेरळ येथील प्रयोग लक्षणीय आहे. सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या 'सगुणा राईस तंत्रा'त गादीवाफे एकदाच तयार करून पुढे नांगरणी, चिखलणी व लावणी टाळली जाते. आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात. त्यामुळे सेंद्रिय कर्ब, गांडुळे आणि मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव यांना पोषक परिस्थिती मिळते. रोपवाटिकाच नसल्याने राबाची गरजही उरत नाही. सतत पाणी साचलेल्या खाचरात मिथेन वायू निर्माण करणारे आर्किया वाढतात. हवा खेळत्या मातीत त्यांना प्रतिकूल स्थिती मिळते, हा पर्यावरणाच्या दृष्टीने आणखी एक लाभ होय. तथापि नांगरणी टाळल्यामुळे तणनियंत्रणासाठी तणनाशकाचा आधार घेतला जातो. त्याचा मातीतील सजीवांवर दीर्घकाळात काय परिणाम होतो, याची तपासणी स्थानिक पातळीवर सातत्याने होणे आवश्यक आहे. राबाला जी कसोटी लावली गेली, तीच नव्या तंत्रालाही लावली पाहिजे.

समारोप

राबाच्या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, वनखात्याने ज्या कृतीला नासधूस मानले तिच्यामागे मातीच्या जैविक व्यवहारांचे अचूक निरीक्षण होते. ते सिद्ध होईपर्यंत मात्र एका संपूर्ण पिढीला कवळासाठी सरकारशी झगडावे लागले. कवळाचा प्रश्न १८८५ मध्ये आयोगापुढे गेला आणि मातीचे उत्तर १९१२ मध्ये आले. मधल्या काळाची किंमत संशोधकाने किंवा अधिकाऱ्याने दिली नाही, ती शेतकऱ्याने दिली.

दुसरी गोष्ट म्हणजे, एखादी परंपरा योग्य होती असे सिद्ध झाल्याने ती कायम ठेवावी असे ठरत नाही. राब का उपयोगी पडतो हे समजल्यामुळेच त्याचे पर्याय शोधणे शक्य झाले. समजून न घेता केलेली बंदी आणि समजून न घेता केलेला गौरव, दोन्ही सारखेच अपुरे ठरतात. कर्जत व खालापूर तालुक्यांत आज शेतजमीन गृहप्रकल्प आणि फार्महाऊस यांच्याकडे वळत आहे. ठाकर, कातकरी व अन्य छोट्या शेतकऱ्यांजवळील मातीविषयीचे ज्ञान नोंदविण्याची संधी त्यासोबत कमी होत आहे. कोंडाण्याच्या कातळावर बलकाचे नाव राहिले, कारण कोणीतरी ते कोरले. शेतकऱ्याच्या विद्येची नोंद करणे आणि प्रयोगशाळेत तिची परीक्षा घेणे, ही जबाबदारी आता या परिसरातील महाविद्यालये व संशोधन संस्था यांच्यावर आहे.