कांद्याला डेंगळे का येतात? थंडी आणि दिवसाची लांबी पीक कसे ओळखते

घोडेगावच्या बाजारात कांदा नेणाऱ्यांना डेंगळ्याच्या मालाला काय भाव मिळतो हे सांगायला नको. अशा वेळी दोष बियाण्यावर जातो. काही वेळा तो खराही असतो. पण बऱ्याचदा लागवडीची तारीख चुकलेली असते.

कांदा दोन खुणा दोन वेगळ्या ठिकाणी ओळखतो. दिवसाची लांबी पानांना कळते. पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य प्रकाश टिपते, आणि दिवस पुरेसा मोठा झाला की पानांकडून कांदा पोसण्याचा निरोप खाली जातो. आपले वाण कमी दिवसमानाचे आहेत. ११ ते १२ तासांचा दिवस त्यांना पुरतो. आपल्या भागात डिसेंबरअखेर दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये १३ तासांहून थोडा मोठा असतो. युरोपातील बऱ्याच वाणांना १४ तासांहून मोठा दिवस लागतो. ते इथे लावले तर नुसती पात वाढेल. फेब्रुवारीत ऊन तापले की पोसणे वेगाने सुरू होते. त्यामुळे उशिरा लावलेल्या पिकात पाने कमी असतानाच कांदा धरतो आणि लहान राहतो.

थंडी मात्र मानेच्या तळाशी असलेल्या वाढीच्या कोंबाला कळते. रोप कोवळे असेल तर थंडीचा फारसा परिणाम होत नाही. मान पेन्सिलीएवढी जाड झाल्यावर काही आठवडे ८ ते १२ अंश सेल्सिअस तापमान मिळाले, की कोंब पानांऐवजी फुलाचा दांडा तयार करू लागतो. बीजोत्पादनासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कांदे लावतात ते याच थंडीसाठी. बाजारात न्यायच्या कांद्याला तीच थंडी नको असते.

रांगड्या कांद्यात हा धोका जास्त, कारण ऐन थंडीत रोप मोठे झालेले असते. रब्बीसाठी ४५ ते ५० दिवसांची रोपे डिसेंबर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावावीत. वाफ्यात राहून जून झालेली, जाड मानेची रोपे फुकट मिळाली तरी घेऊ नका. बसवंत ७८० सारखा खरिपाचा वाण रब्बीत लावू नये; एन-२-४-१, भीमा किरण किंवा भीमा शक्ती निवडावा. नत्र कमी पडले तरी डेंगळे वाढतात. म्हणून हप्ते वेळेवर द्यावेत, पण शेवटचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांच्या आत संपवावा. उशिराच्या नत्राने साठवणीत सड वाढते.

डेंगळा दिसल्यावर तो मोडून फार उपयोग होत नाही. आतला दांडा कठीण होतो आणि तिथूनच सड सुरू होते. काढणीच्या वेळी असे कांदे बाजूला काढावेत, चाळीत भरू नयेत आणि लगेच विकावेत.