एवढं मोठं पेन कशाला?

आपल्या बॅचच्या ग्रुपवर मी एखाद्या पेनाचा फोटो टाकला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "केवढ्याला पडलं?" आणि दुसरा, "एवढं मोठं पेन कशाला?" पहिल्याचं उत्तर मी घरीसुद्धा नीट देत नाही. दुसऱ्याचं मात्र द्यायला हवं, कारण त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. "आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तुझ्या छंदाविषयी लिही," असं स्मरणिका समितीने सांगितलं, म्हणून हा लेख.

चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीत शाईचं पेन, या नियमात वाढलेली आपली बहुधा शेवटचीच पिढी. ड्रॉपरने शाई भरणं, घट्ट बसलेली नळी दातांनी उघडणं, निबच्या फटीत ब्लेडचं पातं घालणं, शाई संपली की शेजारणीकडून बाकावर दोन थेंब उसने घेणं आणि बरबटलेली बोटं केसांना पुसणं, हे सगळ्यांनीच केलं आहे. त्या शाईचं एक घराणं मराठीच होतं. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत घोडाछाप शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. आपल्या आधीच्या पिढीकडे या पेनासाठी 'झरणी' असा गोड शब्दही होता.

पण झरणी नीट झरायला बराच काळ जावा लागला. पेनाच्या पोटात शाई साठवणं सोपं असतं, ती बेताने बाहेर सोडणं अवघड. शाई खाली यायची तर तिच्या जागी हवा वर जायला हवी. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने १८८४ मध्ये याचं पेटंट घेतलं. निबच्या खाली बारीक खाचा असलेला एक तुकडा बसवून त्याने शाईची आणि हवेची ये-जा मार्गी लावली. हा तुकडा म्हणजे आपण जिला 'जीभ' म्हणायचो ती. मुळातली कल्पना आजच्या पेनातही तीच आहे.

त्या काळची पेनं एबोनाइटची असत. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की लाकडासारखा कडक, काळा पदार्थ तयार होतो, तो एबोनाइट. शाई थेट नळीत ओतायची, म्हणजे नळी जितकी जाड तितकी शाई जास्त. दिवसभर खतावण्या आणि पत्रं लिहिणाऱ्याला हा मोठाच फायदा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉटरमनचं २० नंबरचं पेन आणि पार्करचं 'जायंट' असे खरोखरचे राक्षस बाजारात आले. आजच्या संग्राहकांच्या जगात त्यांना देवघरातल्या मूर्तींचा मान आहे.

मोठ्या पेनाला ऐट मिळवून दिली ती पार्कर ड्युओफोल्डने. जॉर्ज पार्कर हा मूळचा तारायंत्र शिकवणारा मास्तर. विद्यार्थ्यांची गळकी पेनं दुरुस्त करता करता त्याने १८८८ मध्ये अमेरिकेतल्या जेन्सव्हिल गावी स्वतःची कंपनी काढली. सगळी पेनं काळी असायची त्या दिवसांत, १९२१ साली, या कंपनीने भगव्या-तांबड्या रंगाचं, साडेपाच इंचांचं, जाडजूड पेन आणलं. किंमत सात डॉलर, म्हणजे साध्या पेनाच्या दुप्पट-तिप्पट. लोक त्याला 'बिग रेड' म्हणू लागले आणि ते धडाक्याने खपलं. पेन हे खिशातून डोकावणारं प्रतिष्ठेचं चिन्ह झालं ते इथपासून.

पुढचे बदल भराभर झाले. शेफरने १९२४ मध्ये आणि पार्करने १९२६ मध्ये एबोनाइट सोडून सेल्युलॉइड जातीचं प्लॅस्टिक घेतलं. पेन पडलं तरी फुटेना आणि रंगांची दिवाळी झाली. १९२९ मध्ये शेफरने 'बॅलन्स' काढलं आणि दोन्ही टोकं सपाट असलेल्या पेनाला चिरुटासारखा निमुळता आकार दिला. त्याच वर्षी जर्मनीत पेलिकनने मागची मूठ फिरवून शाई ओढणारं पिस्टनचं पेन आणलं. आज महागडी 'जुन्या घाटाची' म्हणून विकली जाणारी पेनं बहुतेक या दहा वर्षांचीच नक्कल असतात. सपाट टोकं दिसली तर ड्युओफोल्डचा वंश, निमुळती दिसली तर बॅलन्सचा.

मग पेन बारीक होत गेलं. १९४१ च्या पार्कर ५१ मध्ये निबसुद्धा झाकली गेली. आपल्या कंपासपेटीतलं चिनी हिरो हे त्याचंच भावंडं. ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात साडेबारा डॉलरला बॉलपेन विकायला आलं, काही वर्षांत ते कवडीमोल झालं आणि शाईच्या पेनाचं रोजचं काम संपलं. तरीही १९५२ मध्ये जर्मनीच्या माँट ब्लांकने १४९ हे धिप्पाड पेन काढलं. त्याच्या आकड्यांना अर्थ आहे: १ म्हणजे सर्वोत्तम श्रेणी, ४ म्हणजे पिस्टन आणि ९ म्हणजे निबचं माप. निबवर कोरलेला ४८१० हा आकडा माँट ब्लांक शिखराची मीटरमधली उंची सांगतो.

ज्याचं काम संपलं ते दागिना होऊन परत आलं. १९८७ मध्ये पेलिकनने एम ८०० हे मोठं पेन आणलं. पार्करने शंभरीच्या निमित्ताने १९८८ मध्ये ड्युओफोल्ड पुन्हा उभं केलं, या वेळी इंग्लंडमधल्या कारखान्यात. सपाट टोकं आणि जाडी जुनीच ठेवली, आतली रबरी पिशवी आणि बटण मात्र गेलं, तिथे शाईचं काडतूस आलं. १९९२ पासून माँट ब्लांकने लेखकांच्या आणि कलेच्या आश्रयदात्यांच्या नावाने मोजकीच पेनं काढायला सुरुवात केली. त्यातलं लोरेन्झो द मेदिची बरोबर ४८१० नग. संग्राहक नावाची जमात या मोजदादीवरच पोसली गेली.

माझ्यातली इंजिनिअर मात्र जपानी पेनांवर जास्त खूश आहे. नामिकीचं 'एम्परर' टोपणासह सुमारे सतरा सेंटिमीटर लांब असतं आणि त्याची निब ५० नंबरची. त्याच्या एबोनाइटवर झाडाच्या चिकापासून केलेल्या उरुशी लाखेचे थर चढवतात. काही पेनांवर त्या लाखेवर सोन्याची पूड पेरून चित्र काढतात, ती माकी-ए कला. पण मला खरी भुरळ पडली ती त्याच्या झडपेची. एवढ्या मोठ्या नळीत शाई संपत आली की हवा जास्त उरते. हाताच्या उबेने ३ मिलिलिटर हवा १० अंशांनी तापली तर ती साधारण ०.१ मिलिलिटरने फुगते, म्हणजे शाईचे दोन थेंब बाहेर ढकलते. आपल्या वह्यांवरचे डाग आठवा, त्यामागचं गणित हेच. जपान्यांनी आत एक दांडा बसवला. मागची मूठ घट्ट फिरवली की शाईची वाट बंद, लिहिताना थोडी सैल केली की मोकळी. इतका साधा आणि चोख उपाय रोजच्या कामात माझ्या हातून क्वचितच झाला आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. आंध्रातल्या राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी १९३२ मध्ये स्वदेशी पेन करायला घेतलं. गांधीजींना ते कुमारप्पांच्या हस्ते मिळालं आणि जुलै १९३५ मध्ये त्यांनी पत्र लिहून कळवलं की पेन वापरून पाहिलं, परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं. त्या काळात त्यांचं वास्तव्य वर्ध्याला होतं. रत्नम यांची परंपरा आजही चालू आहे. राजमहेंद्री, हैदराबाद, चेन्नई, तिरुवल्लूर इथले कारागीर लेथवर एबोनाइटचा दांडा हाताने कातून मोठाली ड्रॉपरची पेनं करतात. परदेशात जे 'जुन्या घाटाचं' म्हणून परत आलं, ते इथे थांबलंच नव्हतं.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. २००९ मध्ये माँट ब्लांकने गांधीजींच्या नावाने पांढऱ्या सोन्याचं पेन काढलं. दांडीयात्रेच्या २४१ मैलांसाठी २४१ नग आणि किंमत अकरा लाखांच्या पुढे. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये विक्री थांबली. एकाच माणसाच्या नावाशी जोडलेली ही दोन पेनं. एक त्याने स्वतः वापरून पाहिलेलं, दुसरं त्याच्या नावावर तिजोरीत जाणारं. मी स्वतः महागडी पेनं घेते, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. ज्याने कधीच लिहिलं जाणार नाही, ते पेन कसलं?

उत्तर मला दुरुस्तीच्या टेबलावर मिळालं. माझ्या एका महागड्या युरोपियन पेनाचा पिस्टन अडकला. दुकानदार म्हणाला, परदेशी पाठवावं लागेल, चार महिने लागतील, खर्चाचा अंदाज नंतर कळवू. त्याच आठवड्यात पावसातून वाट काढत एका जुन्या पेन-दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी माझं देशी एबोनाइटचं पेन हातात घेतलं, निब आणि जीभ ओढून काढली, गरम पाण्यात धरली, परत बसवली. दहा मिनिटं, पन्नास रुपये. "ताई, उघडता येतं ते पेन," एवढंच म्हणाले. नव्या आलिशान पेनांनी जुन्यांचा घाट उचलला, रंग उचलला, जाडी उचलली, पण घरच्या घरी उघडून नीट करता येण्याचा गुण पुष्कळदा मागेच राहिला. काकांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. दुकानाची पाटी आणखी किती दिवस राहील सांगता येत नाही.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. शाई भरायची नसेल ते पेन घ्यायचं नाही, आणि जे घेतलं ते स्वतः उघडायला शिकायचं. दिवसभर मी कळफलक बडवते, रात्री एक पान हाताने लिहिते. जाड पेन बोटांना दाबून धरावं लागत नाही, मोठी निब कागदावर अलगद चालते आणि चाळिशीनंतर दुखणाऱ्या मनगटाला आराम मिळतो. एवढं मोठं पेन कशाला, याचं माझ्यापुरतं उत्तर हे.

तर संमेलनाला येताना एक काम करा. कपाटाच्या खणात, आजोबांच्या पेटीत, जुन्या कंपासात एखादं वाळलेलं पेन नक्की असेल, ते घेऊन या. मोठं, छोटं, टोपण हरवलेलं, कसंही चालेल. जेवणाच्या मंडपाशेजारी मी एक टेबल, पाण्याचं भांडं, ड्रॉपर आणि निळ्या शाईच्या दोन बाटल्या घेऊन बसणार आहे. जमेल तेवढी पेनं त्याच दिवशी चालू करून देईन. पहिली ओळ मात्र आपल्या बाईंनी आणि सरांनी लिहायची, आणि अक्षर कोणाचं बिघडलंय ते त्यांनीच सांगायचं.