निष्पापांचा चौक

फ्लॉरेन्सला जाणारा प्रत्येक यात्रिक कॅथीड्रलचा भव्य घुमट पाहून थक्क होतो. त्या घुमटाचा स्थपती फिलिप्पो ब्रुनेलेस्की याचे हृदय पाहावयाचे असेल, तर मात्र तेथून थोडे चालत सांतीस्सिमा अनुन्झिआता चौकात यावे. मरियेला मिळालेल्या शुभसंदेशाचे नाव धारण करणारे चर्च समोर आणि उजव्या हाताला नऊ कमानींची एक लांबलचक पडवी. हे टाकून दिलेल्या बालकांचे घर.

१४१९ साली रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने हे काम ब्रुनेलेस्कीकडे सोपविले. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचे नाव या आश्रयस्थानाला देण्यात आले. स्तंभाची उंची, दोन स्तंभांतील अंतर आणि पडवीची रुंदी ही तिन्ही मापे सारखीच. करडा दगड, पांढरी भिंत, एवढाच साज. प्रबोधनकालीन वास्तुकलेचा आरंभ ज्या इमारतीपासून मानतात, ती राजवाडा नाही. ती पोरक्यांचे घर आहे.

५ फेब्रुवारी १४४५ रोजी, संत आगाथाच्या सणादिवशी, पहिले बाळ आले. ती मुलगी होती. तिचे नाव आगाता ठेवले गेले. पुढे कित्येक माता तोडलेल्या नाण्याचा अर्धा तुकडा बाळासोबत ठेवीत. कधीतरी ओळख पटेल, ही आशा! ते तुकडे आज तेथील संग्रहालयात आहेत. आत आलेली सर्वच बालके जगली नाहीत. मृत्यूचे प्रमाण भयावह होते. सुंदर कमानींनी दूध पुरत नाही, हेही आपण विसरू नये.

१५१६ साली समोरची बाजू बांधण्याचे काम थोरला आंतोनियो दा सांगालो व बाच्चो दान्योलो यांच्याकडे आले. शतक लोटले होते, अभिरुची पालटली होती. तरीही त्यांनी आपली प्रतिभा मिरविली नाही. ब्रुनेलेस्कीच्याच कमानींना जोड दिली. सतराव्या शतकाच्या आरंभी चर्चच्या दर्शनी पडवीनेही तोच सूर धरला. अशा नम्रतेतून हा चौक साकारला.

मध्यभागी ग्रँड ड्यूक पहिला फर्डिनांड १६०८ पासून घोड्यावर आरूढ आहे. माझी दृष्टी मात्र कमानींमधल्या वर्तुळांकडे गेली. तेथे आंद्रेआ देल्ला रॉब्बियाने १४८७ साली घडविलेली, दुपट्यात गुंडाळलेली बाळे निळ्या पार्श्वभूमीवर हात पसरून उभी आहेत. पडवीच्या टोकाला जाळीची एक खिडकी आहे. तेथून बाळे आत दिली जात. १८७५ साली ती बंद झाली. तिच्या गजांमधून केवळ नवजात बाळच जाऊ शके. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.