पक्षी आणि फुले: एका उशिरा उमगलेल्या नात्याचा इतिहास

फुलाच्या पुंकेसरांतील पराग त्याच किंवा दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पोहोचणे म्हणजे परागीभवन. हे काम पक्ष्यांकडून होते याची शास्त्रीय नोंद फार मागे राहिली, आणि त्याचे एक मोठे कारण असे की, या विषयाचा पाया युरोपात घातला गेला. बर्लिन येथे १७९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ख्रिश्चन कोनराड स्प्रेंगेल याने फुलांचे रंग, मकरंद आणि पाकळ्यांची ठेवण कीटकांना आकर्षून घेण्यासाठी असते असे सप्रमाण मांडले. परंतु तो राहत होता त्या प्रदेशात मकरंदावर उपजीविका करणारा पक्षीच नव्हता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीच्या फेदेरिको देल्पिनो याने पक्ष्यांवर विसंबणाऱ्या फुलांचा वेगळा वर्ग मानला, तरी अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः अमेरिका खंडातील, हवेत एका जागी तरंगत मकरंद पिणारे गुंजन पक्षीच राहिले.

भारतातील चित्र निराळे आहे. येथील शिंजीर, बुलबुल, मैना आणि फुलटोचे बहुधा फांदीवर बसूनच मकरंद पितात, त्यामुळे या पक्ष्यांची झाडेही बसायला भक्कम आधार देणारी असतात. पानगळीच्या जंगलात काटेसावर, पळस आणि पांगारा यांचा बहर हिवाळा सरता सरता, फांद्या निष्पर्ण असताना येतो आणि म्हणून तो दुरूनही दिसतो. मधमाश्यांना तांबडा रंग नीटसा दिसत नाही, पक्ष्यांना तो स्पष्ट दिसतो. शिवाय पक्ष्यांसाठी घडलेल्या फुलांना बहुधा गंध नसतो. काटेसावरीच्या जाड, मांसल पाकळ्यांच्या पेल्यात मकरंद साचतो आणि त्यात चोच बुडवणाऱ्या मैनेच्या कपाळाला व गळ्याला सभोवारच्या पुंकेसरांचा पराग माखतो.

या साऱ्या व्यवहाराकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे मोठे श्रेय सालिम अली यांना द्यावे लागते. बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिक्षण घेऊन १९३० मध्ये ते मुंबईला परतले आणि १९३२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील पुष्पपक्षी व पक्षिपुष्पे या विषयावर त्यांनी दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. स्प्रेंगेलचा ग्रंथ ज्या शहरात छापला गेला, तेथेच शिकलेल्या अभ्यासकाने त्यात राहिलेली उणीव भारतीय रानातून भरून काढावी, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सर्वांत दाट नाते मात्र बांडगुळाचे आहे. आंब्यावर वाढणाऱ्या या अर्धपरजीवी वनस्पतीच्या, म्हणजे अन्न स्वतः तयार करून पाणी व क्षार यजमान झाडाकडून घेणाऱ्या वनस्पतीच्या, नळीसारख्या फुलांतला मकरंद शिंजीर आणि फुलटोचे पितात. बांडगुळांच्या काही जातींत तर पक्ष्याने पक्व कळी चोचीने दाबल्याशिवाय ती उमलतच नाही. पुढे फळे धरली की फुलटोचाच ती खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीवर टाकतो. परागीभवन आणि बीजप्रसार ही दोन्ही कामे एकाच पाखराकडे येतात.

तरीही फुलावर आलेला प्रत्येक पाहुणा उपयोगी पडतोच असे नाही. पळसावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात अनेक जातींचे पक्षी फुलांवर येताना आढळले, पण परागीभवन घडवणारे ठरले ते जांभळा शिंजीर आणि त्याच्या जोडीला एक खार.