परदेशी पैसा आणि गावच्या नोंदी

बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी निघाल्या की सुकडी आणि मिलो हे दोन शब्द हमखास येतात. सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेला पौष्टिक खाऊ, आणि मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. जुनी माणसं आजही तिच्या भाकरीचं नाव काढलं की नाक मुरडतात, आणि त्याच दमात सांगतात की तिच्यावरच ते वर्ष काढलं. गरीब देशांना मिळणाऱ्या मदतीच्या अभ्यासात शिरायला मराठी वाचकाला याहून जवळची वाट नाही.

त्याच 1972 साली हैदराबादबाहेर, पटनचेरूला, इक्रिसॅट ही संस्था उभी राहिली. पैसा परदेशी सरकारांचा आणि प्रतिष्ठानांचा. काम कोरडवाहू भागातल्या ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमुगावरचं संशोधन. तिच्या वाणांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र तिच्या नोंदींचं मोल अधिक वाटतं. 1975 मध्ये संस्थेने सहा गावं निवडली. दोन तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातली. बाकीची चार आपली : सोलापूरकडची शिरापूर आणि कळमण, अकोल्याकडची कंझारा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस घरं. त्यांतली तीस शेतकऱ्यांची, दहा भूमिहीन मजुरांची. पाहणी करणारे गावातच मुक्काम करत आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच उंबऱ्यावर जात. कोण कुणाच्या रानात किती दिवस खपलं, ज्वारी किती आली, उसनवारी कुणाकडून केली, बैल विकावा लागला का, सगळं उतरून घेत. शिरापूर, कंझारा आणि महबूबनगरमधलं ऑरेपल्ले इथे हे काम सलग दहा वर्षं चाललं.

त्या नोंदींवर उभा राहिलेला वॉकर आणि रायन या अर्थशास्त्रज्ञांचा ग्रंथ 1990 साली आला. त्यातली एक गोष्ट मदतीवरच्या या लेखसंग्रहाच्या वाचकाने पक्की ध्यानात ठेवावी. शिरापूर आणि कंझाऱ्यातल्या भूमिहीनांची कमाई ऑरेपल्लेतल्या भूमिहीनांपेक्षा बरीच स्थिर होती. वर्ष वाईट गेलं तरी ती तितकी कोसळत नव्हती. या फरकामागे त्यांना महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा (रोहयोचा) हात दिसला. ऑरेपल्लेत तशी योजना नव्हती. आणि रोहयोचा पैसा कुठला? मुख्यतः 1975 च्या कायद्याने नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर बसवलेल्या व्यवसाय कराचा, आणि त्यात राज्य सरकारने घातलेल्या भरीचा. म्हणजे मजुराला तारलं ते आपल्याच माणसांनी भरलेल्या कराने. परदेशी पैशाने ते तारणं मोजून दाखवलं. मदतीचं हे मोजण्याचं काम मला फार मोलाचं वाटतं, कारण मोजल्यावाचून कुठलीही योजना दुसरीकडे नेता येत नाही.

मदतीवरचा जागतिक वाद तुम्हाला पुढे भेटेलच. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा 0.7 टक्के वाटा द्यावा हे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी 1970 मध्ये ठरवलं. बहुतेक देश तिथवर पोचलेच नाहीत. अर्थशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स म्हणतात, अधिक द्या. दुसरे अर्थशास्त्रज्ञ विल्यम ईस्टर्ली म्हणतात, वरून आखलेल्या योजनांनी काही होत नाही. दोघांनाही नीट वाचा. पण मदतीची रक्कम किती, यावरच सगळी शक्ती खर्च झाली की घरात काय बदललं हा प्रश्न मागे पडतो, आणि गरिबाचा संबंध त्याच प्रश्नाशी असतो.

हैदराबादच्या बस्त्यांनी, म्हणजे गरीब वस्त्यांनी, हे फार स्पष्ट दाखवलं. संयुक्त राष्ट्रांनी 2005 हे सूक्ष्मकर्जाचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा छोटं कर्ज हाच गरिबीवरचा उतारा असं अनेक देणगीदार मानत होते. त्याच सुमारास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी इथल्या 104 वस्त्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांतल्या निम्म्या निवडल्या आणि तिथे स्पंदना या संस्थेने आधी कर्ज सुरू केलं. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो वाढवला, काहींनी टिकाऊ वस्तू घेतल्या. माणशी घरखर्च मात्र वाढला नाही. मुलांच्या शिक्षणात, बायकांच्या घरातल्या अधिकारात फरक दिसला नाही. कर्जाने वाटोळं केलं असंही त्यात निघालं नाही, हे तितक्याच आवर्जून सांगायला हवं.

हे लेख वाचायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कोष्टकं आली तर घाबरू नका. प्रत्येक आकड्यामागे कुणाचं तरी घर आहे एवढं धरून चला. क्रम तुमच्या मर्जीने ठेवा, फक्त बस्त्यांवरचा लेख सूक्ष्मकर्ज संस्थांना लगाम घालणाऱ्या आंध्र प्रदेशच्या ऑक्टोबर 2010 च्या अध्यादेशावरच्या लेखाआधी वाचा. वसुलीच्या जाचाच्या बातम्यांनी तेव्हा इतका संताप उसळला होता की कर्जाने नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे शांतपणे बघायला कुणाला सवड उरली नव्हती.